दोन बोटांची एक खोळ

४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

माझं पत्र बघून दचकू नकोस. शिबिरात आल्या दिवशीच कोचबाईंनी सगळ्यांचे फोन गोळा करून लोखंडी कपाटात टाकले. किल्ली त्यांच्या गळ्यात. रविवारी दहा मिनिटं फोन हातात मिळतो, तोही त्यांच्या टेबलासमोर उभं राहून, मागे बावीस जणींची रांग. त्यात मनातलं काय बोलणार? म्हणून कागद घेतला.

आठ देशांच्या टीम आल्या आहेत. यजमान आपण, त्यामुळे मैदान आपलं, माणसं आपली आणि हरलो तर शिव्याही आपल्याच भाषेत. पहिला सामना नऊ तारखेला. फायनल एकोणतीसला. एक नंबरचा शर्ट माझ्या खाटेवर घडी करून ठेवलाय. नऊ वर्षं मी त्या शर्टाची पाठ बघत बाकावर बसले, तुला माहीत आहेच. आता बत्तीस वय. हीच एक स्पर्धा माझी.

खोलीत माझ्यासोबत दुसरी गोलकीपर आहे, एकोणीस वर्षांची. सगळ्या तिला चिमणी म्हणतात. अखंड बडबड. मला 'ताई ताई' करून भंडावून सोडते.

आता काम. पार्सलात माझे ग्लोव्हज पाठवतेय. डाव्या हाताच्या ग्लोव्हमध्ये आतून एक बदल हवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही एकाच खोळीत जातील असं कर, आणि मागच्या बाजूला कॉलरमध्ये घालतात तशी कडक पट्टी. बाहेरून मात्र पाच बोटं वेगळी दिसायला हवीत. परदेशात हल्ली असंच करतात. आमच्या सामानखोलीच्या बाई शिवून देतील, पण त्या टाका घालायच्या आधी दहा प्रश्न विचारतात.

तुझी,
ठकू

७ ऑक्टोबर

ठके,

पार्सल मिळालं. उघडल्याबरोबर अख्ख्या कारखान्यात तुझ्या घामाचा वास. शिलाईचे मास्तर म्हणाले, "ही देशाची सेवा दिसतेय, नाक दाबून करा."

सामानखोलीच्या बाई दहा प्रश्न विचारतात म्हणून माझ्याकडे पाठवलंस. मी अकरा विचारते, हे विसरलीस? पण आता एकच विचारते. बाहेरून कळता कामा नये असं का? चांगली पद्धत असेल तर मिरवावी. असो. तुमच्या खेळातलं मला काय कळतं. मला अजून ऑफसाइड कळलेलं नाही आणि मास्तर तीन वेळा कात्री-पट्टी मांडून समजावून थकले.

काम होईल. पण नुसत्या ग्लोव्हवरून खोळ बेतता येत नाही. खोळ हाताची असते, ग्लोव्हची नाही. डावा हात कागदावर पालथा ठेव, बोटं थोडी फाकव आणि पेन्सिल अगदी उभी धरून आखून पाठव. पेन्सिल तिरकी धरलीस तर दोन दोऱ्यांचा फरक पडतो. लहानपणी तुझे हात आखताना तुला गुदगुल्या व्हायच्या. आता मोठी झालीस, हलू नकोस.

इथे शाळांच्या गणवेशांची घाई आहे. मी कटिंगच्या टेबलावर, तीच जागा, तीच खुर्ची. मास्तर सामन्यांसाठी घरून टीव्ही आणणार आहेत. चौतीस बायकांपैकी निम्म्या तुझ्या नातलग असल्याच्या थाटात फिरतात.

मावशी

११ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

पहिला सामना ३–० जिंकलो! माझ्याकडे बॉल आलाच नाही म्हण ना. नव्वद मिनिटांत चार वेळा हातात घेतला. चिमणी म्हणाली, "ताई, तुला खुर्ची आणून देऊ का गोलात?"

सोबत हाताचा कागद. पेन्सिल उभीच धरली होती. लवकर कर, मावशी. उपांत्य सामना तेवीसला आहे, त्याआधी मिळायला हवं.

घाईत,
ठकू

१४ ऑक्टोबर

ठके,

आयुष्यभर मी कापडाची सुलट-उलट बाजू बघत आले. कागदालाही ती असते. तू उजवा हात आखलास, पातळ कागद उलटा केलास आणि मागून रेघ गिरवलीस. पेन्सिलीचा दाब एका बाजूला, रेघ दुसऱ्या बाजूला. त्यातूनही मी फसले असते. पण तुझी उजवी करंगळी सहाव्या वर्षी दारात सापडली, तेव्हापासून तिचं टोक बाहेर वळलेलं आहे. कागदावर ते डाव्या हाताला उगवलंय.

तू जन्मल्यापासून तुझी मापं माझ्याकडे आहेत. तुझी आई गेली त्या वर्षी काळा फ्रॉक शिवायलाही मीच माप घेतलं होतं. माझ्यापासून माप चोरून काय मिळवलंस?

डाव्या हाताला काय झालंय? खरं लिही. नाहीतर मी येते.

मावशी

१७ ऑक्टोबर

मावशी,

येऊ नकोस. लिहिते.

तीस सप्टेंबरला सरावात बोट मोडलं. करंगळीशेजारचं. चिमणी जवळून फटके मारत होती, मी हसत होते, तिला चिडवत होते, "अगं, दूध प्यायलीस ना सकाळी?" पुढचा बॉल बोटाच्या टोकावर आला. कट् असा आवाज मी ऐकला. तिनं नाही ऐकला. मी पाठमोरी झाले, बोट ओढून सरळ केलं आणि म्हटलं, "हां, आता जोर आला." ती खूश झाली.

आम्ही गोलकीपर रोजच बोटांना टेप लावतो, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्या दुसऱ्या मिनिटाला मला बसवतील. आणि बसले की उठणं नाही. माझ्या आधीची मोठी गोलकीपर नऊ वर्षं उभी होती. दोनदा तिचा खांदा निखळला होता, मला दिसत होतं. तिनं जागा सोडली नाही. मी दोन फायनल बाकावर ट्रॅकसूटची चेन वरखाली करत काढल्या. तेव्हा मला तिचा राग यायचा. आता कळतं.

बोट सुजलंय, पण चालतं. उजव्यानं पकडते, डाव्याचा नुसता आधार. खोळ आणि पट्टी असेल तर दोन सामने निघतील. फक्त दोन, मावशी. मग हात तुझ्या हवाली, काय करायचं ते कर.

मी तुझ्याकडे आजवर हट्टानं काही मागितलं नाही. मागितलं असेल तर आठवत नाही, तूच सांग.

सोबत डाव्या हाताचा कागद. खराखुरा.

ठकू

२० ऑक्टोबर

ठकू,

ग्लोव्ह पाठवतेय. आत दोन बोटांची एक खोळ आहे, मऊ अस्तर दुहेरी लावलंय. पट्टी पाठीला आहे, टोकं गोल घासून घेतली आहेत, टोचणार नाहीत. बाहेरून खोटी शिवण घातलीय. पाच बोटं दिसतील.

तुझ्या हाताचा कागद टेबलावर पसरला तेव्हा मी तो बराच वेळ एका कापडानं झाकून ठेवला. ते बोट अंगठ्याएवढं जाड आखलं गेलंय.

तुला एक कधी सांगितलं नव्हतं. मी कटिंगला गेले ते नजर चांगली म्हणून नाही. तू बारा वर्षांची होतीस, असाच गणवेशांचा मोसम होता. मशीनची सुई माझ्या उजव्या तर्जनीतून आरपार गेली. चिंधी बांधली आणि अकरा दिवस तशीच शिवत राहिले, कारण जागा गेली असती. बाराव्या दिवशी बोट वाकेना. आजही वाकत नाही. म्हणून मी तुझ्यासमोर कधी सुई ओवत नाही. तू म्हणायचीस, "मावशी, तू आता साहेब झालीस, शिवत नाहीस." मी हसायची.

हा ग्लोव्ह मात्र मीच शिवला, मधल्या बोटानं सुई रेटत. एक दिवस, एक रात्र लागली. टाके वेडेवाकडे आहेत.

डॉक्टरबाईंना दाखव. मी शिवलं म्हणजे मी हो म्हटलं असं समजू नकोस.

मावशी

२४ ऑक्टोबर

मावशी! मावशी! मावशी!

पेनल्टीवर जिंकलो. दोन अडवल्या, दोन्ही उजवीकडे उडी मारून. देवानं त्या पोरींना डावी बाजू दाखवलीच नाही. शेवटची अडवली तेव्हा सगळ्या माझ्या अंगावर पडल्या, चिमणी सगळ्यांत वर, आणि डावा हात मी पोटाखाली घेऊन पडून राहिले. जोरात ओरडले तर त्यांना वाटलं आनंदानं.

तुझी खोळ दगडासारखी टिकली.

तुझ्या बोटाचं वाचलं. दोनदा वाचलं. तुला काय लिहू? मला वाटायचं, तू सुई धरत नाहीस कारण तुला कंटाळा आलाय. मी काय काय समजत होते.

डॉक्टरबाईंचं म्हणशील, तर एकच सामना उरलाय. एकच.

तुझी ठकू

३० ऑक्टोबर

ठकू,

काल अकरा वेळा फोन लावला. बंद येतो.

कारखाना दुपारीच थांबवला होता. टीव्ही कटिंगच्या टेबलावर, सगळ्याजणी कापडाच्या गठ्ठ्यांवर बसलेल्या. ऐंशी मिनिटं तू उभी होतीस आणि मी तुझ्या डाव्या हाताशिवाय काही बघितलं नाही. त्या सात नंबरच्या पोरीनं मारला तो बॉल जमिनीलगत आला, तुझ्या डावीकडे. तू पोहोचलीस. हात पोहोचला. बॉल हाताला लागला आणि तुझ्या करंगळीच्या बाजूनं आत सरकला. १–०.

बायका म्हणाल्या, "तिचं काही चुकलं नाही, कुणालाच अडला नसता." मास्तर म्हणाले, "गोळी होती गोळी." त्यांनी तो तीन वेळा पुन्हा दाखवला. तिन्ही वेळा मला दिसलं. दोन बोटं जोडलेली राहिली, फाकली नाहीत. सुटी असती तर त्या बाजूला हात बोटभर रुंद झाला असता, आणि बॉलला तेवढंच पुरलं असतं. मी शिवलेल्या खोळीतून गोल गेला, ठके. कुणाला सांगू? सगळ्या तुझ्यासाठी हळहळत होत्या, माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

काहीतरी लिही. चार ओळी लिही.

मावशी

६ नोव्हेंबर

मावशी,

उशीर झाला. हातावर प्लास्टर आहे, पण कारण ते नाही. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

आधी तुझं डोकं शांत कर. गोल खोळीतून गेला नाही. बॉल येताना मला पूर्ण दिसत होता. उडी बरोबर होती. हात पोहोचायच्या आधी, निमिषभर, मी तो मागे घेतला. मी घेतला असंही नाही, तो आपणच गेला. दुखेल म्हणून. चटका बसलेलं मूल जसं हात काढतं तसा. टीव्हीत ते दिसत नाही, मला माहीत आहे. बत्तीस वर्षांत बॉलपासून हात मागे घेतल्याचं मला आठवत नाही. तू शिवलंस ते टिकलं. मी टिकले नाही.

सामना संपल्यावर हात इतका सुजला की ग्लोव्ह निघेना. डॉक्टरबाईंनी कात्रीनं कापला. अस्तर उघडं पडलं, खोळ दिसली, पट्टी दिसली. त्यांनी ग्लोव्ह उलटा करून बघितला. म्हणाल्या, "हे कुणी शिवलं?" मी म्हटलं, "मीच." एक्स-रे काढला. हाड महिन्याभरापूर्वी मोडलेलं, वाकडं जुळत आलेलं. त्या दोनच वाक्यं बोलल्या. "मी रोज तुझा हात बघत होते. टेपच बघत होते."

चिमणीला मीच सांगितलं. ती मोजे घडी करून बॅगेत भरत होती. म्हटलं, "तीस तारखेला बोट मोडलं होतं. सरावात."

"कुणाच्या बॉलनं?"

विचारतानाच तिला कळलं. ती मोजे भरत राहिली. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंस? मी रडत बसेन म्हणून?"

"नाही. तू खेळली असतीस म्हणून."

तिनं बॅगेची चेन लावली. "ताई, फायनलला मी लाइनीबाहेर तुझी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. नव्वद मिनिटं मनात एकच, हिला काही होऊ नये. माझी फायनल मी तुझ्यासाठी प्रार्थना करण्यात घालवली." दारापर्यंत गेली, वळली. "निघते. तुम्ही काळजी घ्या."

तुम्ही. सहा महिन्यांच्या ओळखीत पहिल्यांदा.

आणि आता सर्वांत वाईट. ग्लोव्ह मी शिवला यावर चौकशी कमिटीतल्या कुणाचा विश्वास नाही. म्हणतात, टाके वाकडे असले तरी हे सराईत हाताचं काम आहे. मैदानावर सुईदोरा एकीकडेच असतो, सामानखोलीच्या बाईंकडे. त्या शर्टांवर नंबर शिवतात. त्यांना घरी बसवलंय. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, मी नाही शिवलं हे तुला तर माहीत आहे ना?" मी मान हलवली. एवढंच केलं. नुसती मान हलवली.

सोळा तारखेला कमिटीची बैठक आहे. मी पुन्हा सांगेन की मीच शिवला. तुझं नाव मी घेणार नाही. तू केलंस ते माझ्या हट्टापायी केलंस, माझ्या पापात तुला ओढणार नाही. फक्त तू गप्प राहा.

ठकू

१० नोव्हेंबर

ठकू,

तुला शर्टाचं बटण लावता येत नाही. दहावीला होतीस तेव्हा फ्रॉकची उसवण तू स्टेपलरनं जोडली होतीस. आणि तू कमिटीला सांगणार की ही दुहेरी अस्तराची खोळ तू शिवलीस? ते हसतील, आणि हसून झालं की त्या बाईंकडे बोट दाखवतील.

मी चौदाला निघते. पंधराला संध्याकाळी तुझ्याकडे. सोबत मास्तर आहेत, कारण एवढ्या लांब मी एकटी गेलेली नाही आणि त्यांना स्टेडियम बघायचंय. कमिटीसमोर मी बसेन आणि त्यांनी द्यावं ते कापड, तशीच खोळ त्यांच्या डोळ्यांदेखत शिवून दाखवेन, मधल्या बोटानं. असे टाके या ताठ बोटाशिवाय कुणाला घालता येत नाहीत. त्या बाईंचं नाव सुटेल. डॉक्टरबाईंनाही सांगेन की त्यांना फसवायला दोघी होत्या. त्याची काय शिक्षा असेल ती मला असू दे. कारखान्यात मी सगळं सांगितलं. दोघीतिघी माझ्याशी बोलत नाहीत. एक म्हणाली, "पोरीचं बोट गेलं आणि तुम्ही दोरा ओवत होतात?" बरोबरच आहे तिचं.

चिमणीला मी काही लिहीत नाही. तिची फायनल आपण दोघींनी घेतली, ती पत्रानं परत देता येत नाही. भेटली आणि बोलू दिलं तर बोलेन.

आता तुझ्या एका वाक्याचं. "माझ्या हट्टापायी केलंस." ते तसं नाही, आणि ते तसं समजून तू मला माफ करावंस हे मला नको.

तुझं सतरा तारखेचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी डॉक्टरबाईंना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, तुझं बोट, चिमणीचा बॉल, कागदाचं माप. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. सकाळी जाताना पोस्टाच्या पेटीपाशी थांबले. पाकीट हातात होतं. आणि टाकलं नाही. तुझी दया आली म्हणून नाही. तू रागावशील म्हणूनही नाही. मी तिथे उभी राहून विचार केला की हे पेटीत पडलं, तर मास्तर टीव्ही लावतील आणि गोलात दुसरीच पोरगी असेल. मला तुला बघायचं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघावं आणि म्हणावं, "ही तिची मावशी." वीस वर्षं कटिंगच्या टेबलावर माझ्याकडे कुणी वळून बघितलं नव्हतं. मी परत फिरले आणि कारखान्यात जाऊन अस्तर बेतायला घेतलं.

फायनलला तू बोगद्यातून बाहेर आलीस, एक नंबरचा शर्ट घालून, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी टाळ्या वाजवल्या. ग्लोव्हच्या आत काय आहे हे माहीत असताना वाजवल्या. हात दुखेपर्यंत. कमिटीला मी बाकी सगळं सांगणार आहे. हे एवढं सांगणार नाही. हे तुला सांगितलं.

मावशी